ठोके ऐकू आले, पण हृदय पाहिलं का?

मंचर, नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असतो, ‘बाळाचे ठोके आहेत ना बरोबर?’ आत डॉक्टर यंत्राचा आवाज मोठा करतात, मिनिटाला दीडशेच्या आसपास पडणारे ठोके खोलीभर घुमतात आणि बाईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. हा दिलासा खरा आहे, पण अर्धा आहे. ठोके नियमित पडणारं हृदय आतून चुकीचं जोडलेलं असू शकतं. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, डावा कप्पा वाढलाच नसेल, मधला पडदा पुरता तयार झाला नसेल, तरी पोटातलं बाळ वाढतं, लाथा मारतं, वजन धरतं. ठोक्यांचा आवाज त्याबद्दल काही सांगत नाही. ते पाहावं लागतं.

जगभरात हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून अधिक बाळं दरवर्षी जन्मतात असा हृदयरोगतज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतात. हे आकडे देशाचे आहेत, म्हणून ते कुणालाच लागत नाहीत. ते तालुक्यावर आणून पाहावेत. २०११ च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती, आंबेगावची सव्वादोन लाखांच्या वर. हजारी पंधरा जन्मदर धरला तर दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला नऊ हजारांहून अधिक जन्म होतात. ढोबळ हिशेबाने त्यांतल्या सत्तर-ऐंशी बाळांना हृदयदोष असणार, आणि पंधरा-सोळा बाळांचा दोष गंभीर असणार. म्हणजे महिन्याला एक, कधी दोन.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रापुरतं पाहिलं तर चित्र आणखी विरळ होतं. वीस-तीस हजार लोकवस्तीच्या केंद्राच्या हद्दीत गंभीर दोषाचं बाळ वर्षाला एखादंच. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली होण्याआधी त्याने असं बाळ दोन-तीनदाच पाहिलेलं असतं. अडचणीचं मूळ इथे आहे. रोज दिसणारा आजार ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. वर्षातून एकदा येणारा आजार मात्र न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा ‘बाळ कमजोर होतं’ अशा नावांखाली नोंदला जातो आणि तिथेच संपतो.

हृदय तयार होतं ते फार लवकर. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक साधी नळी धडधडू लागते. मग ती उजवीकडे वळते, दुमडते, आतून पडदे वाढत येतात, एकाच मोठ्या वाहिनीच्या महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी अशा दोन होतात. आठव्या आठवड्यापर्यंत चार कप्प्यांचं हृदय बहुतेक पुरं झालेलं असतं. पाळीच्या तारखेपासून मोजलं तर हा दहावा आठवडा. यातला अर्धा काळ बाईला दिवस गेल्याचं ठाऊकही नसतं. उरलेल्या अर्ध्यात ठाऊक असलं तरी बोलायचं नसतं. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगू नये, दृष्ट लागते, ही समजूत जुन्नरच्या वाड्यापासून आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाडीपर्यंत सगळीकडे आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ पडण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे या समजुतीमागे पिढ्यांचा अनुभवही असणार. पण तिची किंमत नेमकी इथे मोजावी लागते, कारण पहिली महत्त्वाची तपासणी तिसरा महिना सरता सरताच करायची असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण दहातल्या सात मातांनी पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करून घेतल्याचं दिसलं. सातचा आकडा वाईट नाही. उरलेल्या तिघी कुठल्या गावच्या, हे ओळखायला नकाशा लागत नाही. जुन्नर-आंबेगावचा पूर्व भाग उसाचा, टोमॅटोचा, द्राक्षांचा. पुणे-नाशिक महामार्ग त्याच्या मधून जातो आणि सोनोग्राफी सेंटर त्या रस्त्याला लागूनच उगवली आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याकडे भाताची खाचरं, हिरड्याची झाडं आणि महादेव कोळी, ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्या. आहुप्याहून घोडेगावला यायचं तर डिंभे धरणाच्या फुगवट्याला वळसे घालत घाट उतरावा लागतो, आणि जुलै-ऑगस्टच्या पावसात तो रस्ता कधी बंद असेल याचा नेम नसतो. शिवाय भात आवरला की इथली कुटुंबं मजुरीला नारायणगाव-ओतूरच्या बाजूला उतरतात. बाईची नोंद एका उपकेंद्रात, ती राहते दुसऱ्याच गावच्या मळ्यात, आणि आशाताईच्या वहीत तिच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ एवढंच.

आता प्रश्न असा, की दोष असलेलं बाळ पोटात नऊ महिने सुखरूप राहतं तर जन्मल्यावर अचानक का बिघडतं? पोटात बाळाला श्वास घ्यायचा नसतो. प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो, त्यामुळे फुप्फुसांकडे फारसं रक्त पाठवायची गरजच नसते. डिंभ्याच्या कालव्यावर काम चालू असलं की पाणी बाजूच्या चारीने वळवतात, तशी या रक्ताला दोन वळणं ठेवलेली असतात. एक म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं झडपेसारखं छिद्र, दुसरं म्हणजे फुप्फुस रोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी आखूड नळी, डक्टस. या वळणांमुळे हृदयाचा एखादा भाग निकामी असला तरी रक्त दुसऱ्या वाटेने शरीरभर फिरतं आणि दोष झाकला जातो.

बाळ जन्मतं, रडतं, फुप्फुसं उघडतात, आणि वळणांची गरज संपते. डक्टस पहिल्या दोन-तीन दिवसांत आखडत मिटते. निरोगी बाळाच्या बाबतीत हे योग्यच. पण ज्याचं सगळं अभिसरण त्या नळीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हाच काळ घाताचा. आणि प्रसूती नीट झाली तर नेमकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतिणीला घरी सोडतात. संध्याकाळी बाळ दूध ओढेनासं होतं, अंग गार लागतं, ओठ निळसर दिसतात. घरातलं कुणी म्हणतं पोट दुखत असेल, कुणी म्हणतं थंडी बाधली. १०८ ला फोन जातो तोवर रात्र झालेली असते, आणि पुढे पुण्यापर्यंतचा रस्ता. जुन्नरहून पुणं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. बायपास झाले, खेड घाट टळला, तरी चाकणची कोंडी काही सुटलेली नाही.

याच जागी जन्माआधीच्या निदानाचं मोल आहे. पोटातच बाळाचं हृदय दुरुस्त करतात, असा अनेकांचा समज असतो. तसे प्रयोग होतात, नाही असं नाही. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टरांनी आईच्या पोटातून सुई घालून गर्भाच्या हृदयातली आकसलेली झडप फुग्याने रुंदावली, त्याच्या बातम्या झाल्या. पण असे उपचार मोजक्याच दोषांत आणि मोजक्याच ठिकाणी होतात. बाकी बहुतेक सगळ्या बाळांसाठी आधी मिळालेल्या निदानाने एकच गोष्ट बदलते, ती म्हणजे जन्माचं ठिकाण. बाळ मंचर-जुन्नरला जन्मून रुग्णवाहिकेतून पुण्याला जाण्याऐवजी आईच्या पोटातून पुण्याला जातं. प्रवासासाठी त्याहून चांगली रुग्णवाहिका अजून कुणी बनवलेली नाही.

याचा पुरावा पॅरिसच्या एका अभ्यासात स्पष्ट दिसतो. महारोहिणी आणि फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल झालेल्या बाळांचा हा अभ्यास १९९९ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात छापून आला. या दोषात अशुद्ध रक्त शरीरात आणि शुद्ध रक्त फुप्फुसांत असं गोल गोल फिरत राहतं, दोन्हींची गाठ वळणाच्या छिद्रांतूनच पडते. जन्मानंतर निदान झालेल्या २५० बाळांपैकी १५ शस्त्रक्रियेपर्यंत पोचलीच नाहीत, आणखी २० शस्त्रक्रियेनंतर दगावली. जन्माआधीच निदान झालेल्या ६८ बाळांपैकी एकही दगावलं नाही. शस्त्रक्रिया तीच होती, फरक तयारीचा होता. बाळ जन्मताच प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून सुरू करता येतं, त्याने डक्टस उघडी राहते. गरज पडली तर फुगा घालून वरच्या पडद्यातलं छिद्र मोठं करता येतं. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ साली ही युक्ती काढली. मग एक-दोन आठवड्यांत वाहिन्या कापून आपापल्या जागी जोडायच्या. ही पॅरिसची कहाणी आहे, तिथे रस्ते चांगले आणि रुग्णवाहिका सज्ज. आहुप्यासारख्या गावाला तयारीचा हा फायदा त्याहून मोठाच असणार.

तर हे निदान होतं कसं?

पहिली संधी अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, ज्याला सगळे एनटी स्कॅन म्हणतात. गर्भ तेव्हा डोक्यापासून बुडापर्यंत साडेचार ते साडेआठ सेंटिमीटर असतो. त्याच्या मानेमागे त्वचेखाली पाण्याचा बारीक थर दिसतो, त्याची जाडी मोजायची. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या थराचा गुणसूत्रांच्या दोषांशी, मुख्यतः डाउन सिंड्रोमशी, संबंध दाखवला. पुढे लक्षात आलं, की गुणसूत्रं अगदी नीट असलेल्या पण थर जाड असलेल्या गर्भांमध्ये हृदयदोष जास्त सापडतात. १९९९ साली त्यांच्याच गटाने २९ हजारांहून अधिक गर्भांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. मोठे हृदयदोष असलेल्या ५० गर्भांपैकी २८ हे सर्वांत जाड थराच्या पाच टक्क्यांत होते. वैद्यकीय जगात तेव्हा फार आशा उंचावल्या.

नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी त्या आशा थोड्या खाली आणल्या. थराच्या जोडीला उजव्या झडपेतून उलट गळणारं रक्त आणि यकृताजवळच्या डक्टस व्हेनोसस या शिरेतला उलटा प्रवाह, अशा तिन्ही खुणा एकत्र धरल्या, तरी निम्म्याहून थोडे कमीच मोठे दोष या टप्प्यावर हाती लागतात. म्हणून एनटी नॉर्मल आला की हृदयाची चिंता मिटली, असं समजणं चूक. आणि थर साडेतीन मिलिमीटरहून जाड निघाला म्हणजे हृदय बिघडलंच, हेही चूक. अशा बाईची पुढची तपासणी अधिक लक्ष देऊन, बाळाच्या हृदयाची इको करणाऱ्या तज्ज्ञाकडून व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. चांगलं यंत्र आणि तयार हात असेल तर बाराव्या-तेराव्या आठवड्यातच डावा कप्पा न वाढलेलं किंवा एकाच मोठ्या कप्प्याचं हृदय ओळखू येतं. असे दोष लवकर कळणं का गरजेचं, ते पुढे कायद्याच्या हिशेबात दिसेल.

दुसरी आणि मुख्य संधी अठरा ते बावीस आठवड्यांतली, म्हणजे अॅनोमली स्कॅन. हृदय तेव्हा जेमतेम दोन सेंटिमीटरचं. ही तपासणी जवळून पाहण्यासारखी आहे. डॉक्टर आधी बाळाचा डावा-उजवा ठरवतात. पोटात जठराचा काळा फुगा डावीकडे दिसला पाहिजे, आणि हृदयही डावीकडेच. प्रोब किंचित वर सरकवला की छातीचा आडवा छेद येतो. हृदयाने छातीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला हवा, टोक डावीकडे पंचेचाळीस अंशांच्या आसपास कललेलं हवं. चार कप्पे दिसतात, वरचे दोन सारखे, खालचे दोन सारखे. वरच्या पडद्यातल्या छिद्राची झडप डावीकडे फडफडताना दिसते. उजव्या खालच्या कप्प्यात एक आडवी स्नायूची पट्टी असते, ती डावीकडे दिसली तर गडबड आहे.

पुष्कळ ठिकाणी तपासणी इथेच थांबते, आणि सगळ्यात घातक चूक इथेच होते. रोहिणींची अदलाबदल असो की टेट्रालॉजी ऑफ फॅलो, या दोन्ही दोषांत चार कप्पे अगदी छान, पुस्तकातल्यासारखे दिसू शकतात. बिघाड वर, बाहेर पडणाऱ्या वाहिन्यांत असतो. म्हणून प्रोब आणखी थोडा वर कलवून डाव्या कप्प्यातून निघणारी महारोहिणी पाहायची, मग उजव्यातून निघून तिला ओलांडून जाणारी फुप्फुस रोहिणी. दोघी एकमेकींना छेद देत जात असतील तर ठीक. समांतर धावत असतील तर अदलाबदल. आणखी वर तीन वाहिन्या एका ओळीत, मोठी ते लहान अशा उतरत्या क्रमाने. बाळ पाठ वर करून झोपलं असेल तर यातलं काहीच धड दिसत नाही. मग डॉक्टर म्हणतात, ‘जरा फिरून या, काहीतरी खाऊन या.’ दहा मिनिटांनी बाळ कूस बदलतं, कधी नाही बदलत. दुपारची शेवटची एसटी गाठायची असलेली बाई तेवढ्यात उठून गेलेली असते, आणि रिपोर्टात ‘हृदय पूर्ण पाहता आलं नाही’ अशी ओळ येते. ती ओळ कुणी वाचत नाही.

हे शिकवून साधतं, याचा सर्वांत मोठा दाखला नेदरलँड्सचा. बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीचा पाया १९८० च्या दशकात लंडनच्या गाइज रुग्णालयात डॉ. लिंडसी अॅलन यांच्यासारख्यांनी घातला, पण तो तज्ज्ञांपुरता राहिला. डच सरकारने २००७ मध्ये प्रत्येक गर्भवतीसाठी विसाव्या आठवड्याची तपासणी सुरू केली. गंभीर हृदयदोष जन्माआधी ओळखले जाण्याचं प्रमाण त्यानंतर सुमारे ३६ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं. सोनोग्राफी त्याआधीही तिथे होतीच. फरक पडला तो सगळ्यांची, ठरावीक पद्धतीने आणि शिकलेल्या माणसाकडून तपासणी झाल्यामुळे. आपल्याकडे मात्र चर्चा यंत्र किती ‘डी’चं यावरच अडते. थ्री-डी, फोर-डीचा बाळाच्या चेहऱ्याचा फोटो दिला की घरचे खूश होतात. साध्या यंत्रावर त्या दोन वाहिन्या पाहणारा डॉक्टर त्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाचा.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘हार्टला होल आहे का ते बघा’ अशी मागणी लोक करतात. पण वरच्या पडद्यातलं छिद्र आणि उघडी डक्टस या दोन गोष्टी पोटात असणं हेच नॉर्मल, त्यामुळे त्या जन्मानंतर मिटणार की राहणार, हे आधी सांगता येत नाही. खालच्या पडद्यातलं बारीक छिद्र हा सर्वांत जास्त आढळणारा दोष, तोही अनेकदा निसटतो आणि पुष्कळदा आपोआप भरतो. महारोहिणी एका जागी आकसलेली असणं किंवा फुप्फुसाच्या शिरा भलतीकडे उघडणं, हे तज्ज्ञालाही चकवतं. चांगल्यातला चांगला अॅनोमली स्कॅन ही शंभर टक्क्यांची हमी नव्हे, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं तर पुढची भांडणं वाचतात.

सोनोग्राफी सेंटरच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी असते, तिचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. तरी सहा वर्षांखालच्या मुलींचं हजारी प्रमाण राज्यात २००१ मध्ये ९१३ होतं, ते २०११ मध्ये ८९४ वर घसरलं. मग नियम कडक झाले. प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म, प्रत्येक यंत्राची नोंद, आणि २०१२ पासून सुटं, उचलून नेता येणारं यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर किंवा मान्य फिरत्या आरोग्य पथकाबाहेर वापरायला बंदी. कायद्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, मुलींचे आकडे पाहिले की तो का कडक झाला ते कळतं. पण त्याचा एक परिणाम असा, की यंत्र सहजासहजी घाट चढून वाडीवर जाऊ शकत नाही. बाईनेच उतरायचं. म्हणून तिची गाडी, तिची मजुरी, तिच्याबरोबर येणारं माणूस, हे सगळं या तपासणीचाच भाग धरलं पाहिजे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची तपासणी करणारं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून चालू आहे. अठरा ते बावीस आठवड्यांतल्या बाया त्या दिवशी ठरवून एकत्र आणल्या, तर बराच प्रश्न सुटेल.

वेळेचा दुसरा कायदा गर्भपाताचा. २००८ साली मुंबईजवळच्या भाईंदरच्या एका गर्भवतीच्या बाळाला कंप्लीट हार्ट ब्लॉक असल्याचं चोविसाव्या आठवड्यात कळलं. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला विजेचा संदेश तुटलेला, त्यामुळे ठोके फार मंद. १९७१ च्या कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार आणि ते दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले, ऑगस्ट २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि त्यानंतर काही दिवसांतच तिचा गर्भ आपोआप गेला. या प्रकरणाने देशभर चर्चा पेटली. कायदा बदलायला मात्र २०२१ उजाडलं. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने, आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यानंतरही गर्भपात करता येतो.

कागदावर वेळ वाढली आहे. गावातला हिशेब वेगळा. अॅनोमली स्कॅन भातलावणीत राहून गेला आणि बाविसाव्या आठवड्यात झाला, त्यात शंका आली, पुण्याची फीटल इकोची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली, की चोविसावा आठवडा दारात उभा असतो. सगळ्यात वाईट दोष, ज्यात बाळ जगण्याची आशा फार कमी, त्यात तरी जोडप्याला विचार करायला, घरात बोलायला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला थोडे दिवस मिळायला हवेत. बाराव्या आठवड्याच्या तपासणीचं खरं महत्त्व तिथे आहे. आणि हेही सांगायला हवं, की हृदयदोष कळला म्हणजे गर्भपात, असं समीकरण अजिबात नाही. शस्त्रक्रियेने दुरुस्त होणारे दोष बरेच आहेत, आणि रोहिणींची अदलाबदल त्यांतलीच एक. वेळेवर शस्त्रक्रिया झालेली अशी मुलं पुढे शाळेत जातात, खेळतात.

पैशाची भीती अनेकांना आधीच गारद करते. महाराष्ट्रात हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी योजना १९९७ मध्ये सुरू झाली; आजच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाचं संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. नवी मुंबईत खारघरला श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालय लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत करतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या-शाळांत जाऊन मुलं तपासतात आणि हृदयदोषाची कितीतरी मुलं त्यांनी शोधून काढली आहेत. पण अंगणवाडीत सापडतं ते जगलेलं मूल. तिसऱ्या दिवशी गेलेलं बाळ कुठल्याच पथकाला भेटत नाही. केरळने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘हृदयम्’ योजनेत ही फट ओळखली. तिथे नवजात बाळांची आणि पोटातच निदान झालेल्या बाळांचीही एकाच यादीत नोंद होते, आणि कुठल्या रुग्णालयात जागा आहे ते पाहून बाळाची रवानगी ठरते. महाराष्ट्राने यातलं काय उचलायचं, तर ती यादी. बाकी योजना आपल्याकडे आहेतच.

निदान झालं, पुण्याची तारीख ठरली, तरी एक खास आपल्याकडची अडचण उरते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि जुन्नरची सून पारनेरला नाही तर संगमनेरला माहेरी जाते. सोनोग्राफीची फाइल सासरच्या कपाटात राहते. तिकडच्या डॉक्टरला तो रिपोर्ट दिसतच नाही, आणि त्यातल्या एका ओळीवर बाळाचा जीव अवलंबून असू शकतो. मोबाइलमध्ये रिपोर्टाच्या प्रत्येक पानाचा फोटो ठेवणं, माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत नोंद करून घेणं, एवढं साधलं तरी निदान गावाबरोबर मागे राहत नाही.

ज्या बाळांचा दोष सोनोग्राफीतून निसटला, त्यांच्यासाठी शेवटचं जाळं पल्स ऑक्सिमीटरचं. कोविडनंतर हे यंत्र जवळपास प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. जन्मानंतर चोवीस तासांनी, घरी सोडण्याआधी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ते लावायचं. उजवाच हात, कारण त्याला जाणारी वाहिनी डक्टसच्या आधी फुटते आणि पायाकडे जाणारं रक्त तिच्या पुढून जातं. दोन्ही ठिकाणी ९५ किंवा त्याहून जास्त आकडा आणि दोहोंत तीनपेक्षा अधिक फरक नाही, तर ठीक. ९० च्या खाली गेला तर लगेच पुढे पाठवायचं, मधल्या आकड्यांना तासाभराने पुन्हा मोजायचं. सिस्टरला हे शिकायला एक दुपार पुरते. मात्र त्यासाठी मोठ्यांच्या बोटाचा चिमटा चालत नाही, बाळाच्या तळव्याला गुंडाळायचा लहान सेन्सर लागतो.

कुणाला धोका जास्त, हेही ठाऊक असावं. दिवस जाण्याआधीपासून मधुमेह असलेली आई, फिटच्या काही गोळ्या घेणारी आई, पहिल्या तिमाहीत रुबेला झालेली आई, आणि जवळच्या नात्यातलं लग्न. मामाची मुलगी करण्याची चाल या भागात अजून पुरती गेलेली नाही. पण हृदयदोष असलेली बहुतेक बाळं यांतला एकही धोका नसलेल्या आयांच्या पोटी जन्मतात, म्हणून तपासणी सगळ्यांचीच हवी. पहिल्या मुलाला हृदयदोष असेल तर पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता साधारण दोन ते तीन टक्के, म्हणजे बहुतेकांची दुसरी मुलं निरोगीच असतात. अशा बाईने दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करावी, पाळी चुकताच आशाताईला सांगावं, आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास साध्या सोनोग्राफीबरोबर फीटल इको लिहून घ्यावी. जाताना पहिल्या मुलाची फाइल बरोबर असलेली बरी. त्याचा दोष नेमका कोणता होता, हे कळलं की डॉक्टर त्या जागी दोनदा पाहतात.